लाकडी लूअर तिसऱ्या खेपेला तडकतोय : लाकूड बदलू की सीलिंग?

भोगावतीकाठ · १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर झालं, मरळीसाठी घरीच लाकडी लूअर, म्हणजे गळाला लावायचे खोटे मासे, करतोय. सुरुवात पैसे वाचवायला केली होती. बंधाऱ्याखालच्या दगडात एक लूअर अडकला की तो गेलाच म्हणायचा, आणि दुकानातला दर वेळी घालवायला परवडत नाही. आता पैशाचं राहिलं बाजूला. आपण पटाशीनं आणि पॉलिश पेपरनं घडवलेल्या तुकड्यावर मरळ पाणी फोडून उसळते ना, त्याचाच नाद लागलाय.

अडचण अशी आहे. आकार जमला, रंग जमला, पाण्यात चालही चांगली येते. पहिल्या खेपेला काही होत नाही. दुसऱ्या खेपेला पोटाखाली केसाएवढी रेघ दिसते. तिसऱ्या खेपेनंतर घरी आणून वाळवला की रेघेची भेग होते आणि वरचा एपॉक्सी नखानं सोलून निघतो. असे सात लूअर गेले. त्यातल्या दोनांवर तर चार-चार संध्याकाळी घातल्या होत्या, खवले एकेक करून रंगवले होते.

लाकूड सावरीचं आहे. वखारीत पॅकिंगच्या फळ्यांतून निवडून आणलं. लांबी ९ सेंटिमीटर, जाडी २ च्या आसपास. घासून गुळगुळीत केल्यावर सँडिंग सीलरचे दोन हात, मग रंग, मग अराल्डाइटचा, म्हणजे दोन ट्यूब कालवून करायच्या एपॉक्सीचा, एक हात. तो वाळला की गिरमिटानं भोकं पाडून आय-स्क्रू (डोक्याला कडी असलेला) पिळतो आणि ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) लावतो.

आता बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायला सुरुवात होईल, पाणी तुंबेल आणि निवळेल. त्याआधी हे सुटलं पाहिजे. सावर सोडून दुसरं लाकूड घ्यावं का? कोल्हापुरात कुठलं मिळेल? सीलरच्या जागी दुसरं काही वापरू का? ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी सांगा.

नवा_गळ · १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सेम प्रॉब्लेम भावा. मी तीन हात सीलर मारून बघितला, काय फरक नाही. वाचतोय.

पॅटर्नशॉप · १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

भोगावतीकाठ, लाकूड बदलायच्या आधी एक काम करा. तडकलेल्यांपैकी एक लूअर बारीक करवतीनं उभा चिरा, नाकापासून शेपटीपर्यंत, आय-स्क्रूच्या बरोबर मधून. आत लाकूड कुठं काळवंडलंय ते बघा आणि इथं लिहा. मग पुढचं बोलू.

तोवर थोडं सांगून ठेवतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, केले. मासेमारीतलं मला फारसं कळत नाही, पण पाणी आणि लाकूड यांचं भांडण रोज बघितलंय. पॅटर्न ओल्या वाळूत दाबायचा असतो. वाळूत ओल थोडीच असते, पण तेवढीही लाकडानं प्यायली तर पॅटर्न फुगतो, वाळूत धरून बसतो आणि काढताना साचा मोडतो. माप तर गेलंच. बिडाच्या कास्टिंगला मीटरमागे १० मिलिमीटर आकुंचन धरून पॅटर्न मोठा करतात. इतकं मोजून केलेल्या कामात लाकूड स्वतःच अर्धा मिलिमीटर हललं तर काय उपयोग? म्हणून आमच्याकडं दोन गोष्टींवर तडजोड नसायची: लाकूड मुरलेलं पाहिजे, आणि वाळूला लागणारा प्रत्येक पृष्ठभाग बंद पाहिजे. प्रत्येक म्हणजे भोकाच्या आतली भिंतसुद्धा.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. ते हलतं आडवं. त्यातही वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेनं जेवढं हलतं, ते गाभ्याकडून सालीकडं जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. तुमची भेग पोटाखाली लांबीतच पडते, ती यामुळं. वरचं एपॉक्सीचं कवच काही हलत नाही. आतलं लाकूड फुगतं आणि वाळताना परत आक्रसतं, मग दोघांपैकी एकाला फाटावं लागतं.

भोगावतीकाठ · १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

काका, चिरला. सांगितलं ते बरोबर निघालं.

मधला भाग कोरडा, पांढरा, नवा असल्यासारखा. पण पोटातल्या आय-स्क्रूभोवती काळसर डाग आहे, सुपारीएवढा. स्क्रूच्या आट्यांवर गंज धरलाय आणि तिथलं लाकूड नखानं खरवडलं तर भुगा निघतो. शेपटीच्या स्क्रूपाशी तसाच डाग, थोडा लहान. तिसरा डाग लिपच्या, म्हणजे तोंडाखालच्या पट्टीच्या, खाचेत, अगदी मागच्या टोकाला. भेग पोटाच्या डागापासूनच सुरू झालीय. वरून पाणी कुठंच शिरलेलं नाही, पाठीचा सीलर शाबूत आहे.

म्हणजे मी सीलर बदलत बसलो होतो आणि पाणी भोकातून जात होतं.

पॅटर्नशॉप · १४ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

तेच. तुम्ही आधी घर रंगवलं आणि मग भिंतीला भोक पाडलं. क्रम उलटा करा. माझ्या मते लाकूड कुठलं हा नंतरचा प्रश्न आहे. आधी हा क्रम बसवा:

फळी निवडून तुकडा कापला की सगळ्यात आधी खाच आणि भोकं, चौकोनी तुकड्यावरच. ठोकळा चौरस असताना भोक सरळ जातं, आकार दिल्यावर गिरमिट घसरतं. लिपची खाच, वजनाच्या शिशाचं भोक, तारेची किंवा स्क्रूची भोकं, डोळ्याचा खड्डा, सगळं आताच. मग आकार द्या, १२० नंबरनं घासा, २२० वर संपवा. सीलिंग त्यानंतर. प्रत्येक भोकात काडीनं सीलर फिरवा, खाचेत दाढीच्या ब्रशचा एक केस पातळ सीलरात बुडवून ओढा. लाकडाचं कापलेलं टोक, म्हणजे नाक आणि शेपूट, बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पितं. तिथं सीलर मुरेल तेवढा पाजा, वर चकाकी राहीपर्यंत. स्क्रू शेवटी पिळायचा तो कोरडा नाही, भोकात एपॉक्सीचा थेंब सोडून.

मरळीसाठी मात्र मी स्क्रू वापरणार नाही. माझा पुतण्या मासे धरतो, त्याच्यासाठी मी तार आरपार टाकून दिलीय. स्टेनलेस तार, १ मिलिमीटर. नाकापासून शेपटीपर्यंत एकच, मध्ये पोटाच्या हुकासाठी कडी काढलेली. लूअर पोटाकडून अर्ध्या जाडीपर्यंत उभा खाचायचा, खाच सील करायची, तार बसवायची आणि एपॉक्सीत भुगा कालवून खाच भरायची. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो.

आणि मुरलेलं लाकूड कसं ओळखायचं, तर वजन करा. सोनारी काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तुकडा घरात कोरड्या जागी ठेवा, आठवड्यातून दोनदा वजन लिहा. सलग तीन वेळा वजन बदललं नाही की लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं. पावसाळ्यात मात्र हे करू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, तेव्हा स्थिर झालेलं लाकूड मार्चमध्ये परत आक्रसतं. मी माझे तुकडे एप्रिल-मे मध्ये कापून ठेवतो.

तळकोकण · १४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

घाटाखालून लिहितोय. लाकडाचा विषय निघाला म्हणून सांगतो, पांगारा बघा. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी होतात, त्याला पूर्वीपासून पांगारा वापरतात, आंबाही वापरतात. पांगारा हलका, मऊ, पटाशीखाली लोण्यासारखा जातो, गाठी कमी. बांधाला, कुंपणाला सगळीकडं लावलेला असतो, त्यामुळं वखारीत जायची गरज नाही. शेतकऱ्याला विचारून छाटलेली जाड फांदी मागून घ्यायची.

दोन गोष्टी सांभाळा. ओला पांगारा तसाच ठेवला तर आठ दिवसांत बुरशी धरते आणि निळा-काळा पडतो, मागून भुरकिडा येतो. तोडल्या दिवशीच साल काढा, उभे चिरून दोन-अडीच सेंटिमीटरचे पट्टे करा आणि पट्ट्यांमध्ये काड्या घालून सावलीत हवेशीर रचा. मी त्याआधी बोरिक पावडर आणि टाकणखाराच्या पाण्यात रात्रभर बुडवतो. दुसरं म्हणजे स्क्रू त्यात धरत नाही. वर काकांनी तार सांगितली, ती पांगाऱ्याला हवीच.

पंख_आणि_बाल्सा · १४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मी विमानांची मॉडेल करते, लूअर भावासाठी करायला लागले. हलकं लाकूड, जड लाकूड असं नुसतं बोलण्यापेक्षा थोडा हिशोब करू या, कारण लाकूड निवडताना मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

लूअरचं आकारमान काढायची सोपी युक्ती: काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा. लाकडाचा तुकडा सुईनं टोचून पूर्ण पाण्याखाली दाबा, बोट पाण्याला लागू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर. तुकडा एक क्षणच बुडवायचा, म्हणजे पाणी पीत नाही. तुमचा ९ सेंटिमीटरचा लूअर साधारण १४ घन सेंटिमीटर भरेल. म्हणजे सगळं सामान मिळून १४ ग्रॅमच्या आत असेल तर तरंगेल, वर गेलं तर बुडेल.

आता हुक, कड्या, तार, लिप यांचे ४ ग्रॅम धरा, रंग आणि एपॉक्सीचा दीड. साडेपाच ग्रॅम इथंच गेले. लाकडाला आणि शिशाला मिळून साडेआठ उरले.

बाल्सा एका घन सेंटिमीटरला साधारण ०.१५ ग्रॅम, म्हणजे लूअरभर बाल्सा २ ग्रॅम. पांगारा ०.३ च्या आसपास, ४ ग्रॅम. सावर ०.३५, ५ ग्रॅम. शिवण ०.४८, पावणेसात. सागवान ०.६५, नऊच्या वर. म्हणजे सागवानात शिसं न घालताच लूअर बुडायला लागतो. आंब्याचं तसंच.

हे शिसं इतकं महत्त्वाचं का? ते पोटाच्या तळाशी बसतं आणि लूअरला सरळ धरतं. वरचा भाग हलका आणि खालचा जड असेल तर ओढताना लूअर डावी-उजवी झुलतो आणि दर वेळी सरळ होतो. त्यालाच आपण चाल म्हणतो. लाकूडच जड असेल तर शिशाला जागा उरत नाही, लूअर आडवा पडतो किंवा गोल फिरतो. पांगारा आणि सावरीत तीन-चार ग्रॅम शिसं घालता येतं, शिवणीत एक-दीड. म्हणून जोरात झुलणाऱ्या क्रँकबेटला पांगारा, आणि लांब फेकायच्या, पाण्यावर बुडबुड वाजणाऱ्या पॉपरला शिवण, असं माझं ठरलंय. शिवण आक्रसतेही फार कमी, म्हणून तर ती वाद्यांना आणि कोरीवकामाला वापरतात.

बाल्सा मी मासेमारीला सोडला. मरळीचे दात आणि बंधाऱ्याचे दगड त्याला झेपत नाहीत. तरी कुणाला करायचाच असेल तर पातळ सुपरग्लू मुरवून करा, बाहेरचा मिलिमीटरभर थर खडीसाखरेसारखा कडक होतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि सुपरग्लू कापसानं किंवा सुती चिंधीनं कधीच पुसू नका. कापसात तो इतका तापतो की धूर निघतो, बोट भाजतं.

नवा_गळ · १५ ऑक्टोबर, सकाळी ९:००

ताई, ग्लासची युक्ती लई भारी. घरातल्या बाभळीच्या तुकड्यावर केली, ०.८ आलं. आता कळलं माझा लूअर दगडासारखा का जात होता.

रंगाचं_दुकान · १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

आमच्या दुकानात सुतार आणि पॉलिशवाले येतात, त्यांच्याकडून शिकलेलं आणि ग्राहकांच्या तक्रारींतून कळलेलं सांगते.

सँडिंग सीलर वाईट नाही, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा आहे. त्याचं काम लाकडाची छिद्रं भरून पुढच्या हाताला गुळगुळीत जमीन देणं. तो फर्निचरसाठी आहे, तासन्‌तास पाण्यात राहण्यासाठी नाही. पाणी अडवायचं काम वरच्या थराचं, एपॉक्सीचं किंवा दोन घटकांच्या पीयूचं (पॉलियुरेथेनचं). चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावायची जुनी पद्धत पॅटर्नला चालते, पण पाण्यात चपडा पांढरा पडतो. लूअरला वरून नको.

पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर किंवा लॅकर मारला की ढगाळ पांढरा होतो, त्याला कारण आहे. थिनर पटकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली ओल तिथं दवासारखी धरते. ती थरात अडकते. त्यामुळं ऑगस्टमध्ये सीलर मारून तो पांढरा झाला तर डब्याला दोष देऊ नका. कोरडा दिवस बघा, दुपारी ११ ते ४ मध्ये करा.

अजून एक चूक नेहमी दिसते. ऑइल इनॅमलनं रंगवून वर एनसी लॅकर मारतात. एनसीचा थिनर खालचं इनॅमल उचलतो, सुरकुत्या पडतात. रंग अॅक्रेलिक वापरा, पाण्यात मिसळणारा, आणि पूर्ण वाळू द्या.

एपॉक्सीबद्दल. पाच मिनिटांत बसणारा दुरुस्तीला ठीक, लूअरवर मारायला नको. तो लवकर पिवळा पडतो आणि पाण्यात नेहमीच्याइतका टिकत नाही. नेहमीचा संथ वाळणारा घ्या. अराल्डाइटचे दोन भाग आकारमानानं सारखे घ्यायचे. वजनानं मोजत असाल तर सारखे नाहीत, रेझिन १०० ला हार्डनर ८०. बरेच जण काट्यावर सारखे मोजतात, मग लूअर आठवडाभर चिकट राहतो आणि आमच्याकडं येऊन माल खराब म्हणतात. पातळ करायला थिनर ओतू नका, तो थरात राहतो आणि थर मऊ पडतो. ट्यूब पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मधासारखा सुटतो. हातमोजे घाला. एपॉक्सीची अॅलर्जी एकदा बसली की जन्मभर जात नाही.

सागवान वापरणाऱ्यांनी सील करण्याआधी थिनरनं पुसून घ्यावं. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही.

भोगावतीकाठ · १५ ऑक्टोबर, रात्री ९:२०

ताई, एक विचारायचं होतं. एपॉक्सीत माझ्याकडं बारीक बुडबुडे येतात, टाचणीच्या डोक्याएवढे. ब्रश बदलून बघितला, हळू कालवून बघितलं, तरी येतात. आणि खाली एका बाजूला थेंब जमून वाळतो.

पॅटर्नशॉप · १६ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

ताईंच्या आधी मीच सांगतो, हे आम्ही पॅटर्नवर भोगलंय. तुम्ही सकाळी लावता, बरोबर? सकाळी लाकूड थंड असतं. दिवस चढतो तसं तापतं, आतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बाहेर पडते. तो बुडबुडा. उलटं करा. लूअर दुपारी उन्हात तासभर टांगा, मग सावलीत आणून लगेच लावा. आता लाकूड थंड होतंय, आतली हवा आक्रसतेय आणि थर आत ओढून घेतेय. बुडबुडाही नाही आणि छिद्रातही मुरतो. पहिला हात अगदी पातळ द्या.

रंगाचं_दुकान · १६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

काकांचं बरोबर. थेंबासाठी लूअर फिरता ठेवावा लागतो. एअर कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर येते, मिनिटाला पाच-सहा फेरे, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. लाकडाच्या चौकटीला ती बसवून लूअर दोन्ही टोकांना चिमट्यात धरा आणि चार-पाच तास फिरू द्या. वायरिंग मात्र माहीतगाराकडून करून घ्या, ती थेट घरच्या विजेवर चालते.

राधानगरीकडचा · १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

मी लूअरवाला नव्हे, गळ आणि गांडूळवाला. पण लाकूड आणि पाण्यावर एक बघितलेलं सांगतो.

आमच्या बंधाऱ्याचे जुने बर्गे लाकडाचे होते. ऑक्टोबरात खाचेत उतरवायचे, पावसाच्या तोंडावर काढायचे. सहा-सात महिने पाण्यात उभा राहिलेला बर्गा काढला तेव्हा अखंड असायचा. काढून काठावर उन्हात टाकला की आठ दिवसांत टोकाकडून चिरायला लागायचा. जुनी माणसं म्हणून ते सावलीत, झावळ्यांखाली रचायची. पाण्यात राहिलेलं लाकूड फुटत नाही, भिजून वाळलेलं फुटतं. तुमचा लूअर एक संध्याकाळ भिजतो आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत तापतो. घरी आणल्यावर पुसून सावलीत ठेवा, उन्हात नको.

आता मनातलं. मरळ पावसाळ्यात पिल्लं काढते. पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर फिरतो आणि आई-बाप खाली राखण करत असतात. त्या वेळी पुंजक्यावर काहीही टाकलं तरी ती चवताळून धरते, भुकेनं नव्हे. अशी मरळ काढली की अख्खा पुंजका दुसऱ्या माशांच्या तोंडात जातो. ऑक्टोबर उजाडल्यावरच लूअर काढा. आणि तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडं असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. दाजीपूरच्या अभयारण्याच्या हद्दीत तर नाहीच.

नवा_गळ · १७ ऑक्टोबर, रात्री १०:००

जवसाचं तेल कुणी वापरलंय का? एकजण म्हणाला, सीलरच्या जागी तेच पाजायचं.

पॅटर्नशॉप · १८ ऑक्टोबर, सकाळी ७:००

चालतं, पण धीर पाहिजे. डबल बॉइल्ड घ्या, निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ करा, तुकडा बुडवून रात्रभर ठेवा, पुसा. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आत घट्ट होतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी वर एपॉक्सी मारला तर तो सोलून निघणार. फायदा असा की पाणी अडवणारी गोष्ट लाकडाच्या आतच जाऊन बसते.

तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या चिंधीत ती अडकते आणि आपोआप पेट घेते. ही सांगोवांगीची गोष्ट नाही, आमच्या गल्लीतल्या एका शेडमध्ये झालेलं आहे. चिंध्या पाण्याच्या डब्यात टाका किंवा बाहेर पसरून वाळवा.

भोगावतीकाठ · ७ डिसेंबर, रात्री ९:५५

मंडळी, उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

चार लूअर केले. दोन पांगाऱ्याचे, पट्टे तळकोकणच्या दादांनी घाट चढून पाठवले, त्यांचे आभार कसे मानू. एक शिवणीचा, फळीचा तुकडा एका सुतारकाकांकडं पडून होता. चौथा जुन्या पद्धतीनं सावरीचा, म्हणजे सगळं झाल्यावर भोक पाडून कोरडा स्क्रू, मुद्दाम. लिपला जुनी सीडी कापली. ती पॉलिकार्बोनेटचीच असते, वरचा चंदेरी थर चिकटपट्टीनं ओढून काढला की काचेसारखी स्वच्छ निघते.

पहिल्या तिन्हींना आधी भोकं, खाच, मग सीलर काडीनं आत फिरवून. पाण्याच्या ग्लासावर आकारमान काढून शिसं ठरवलं: पांगाऱ्यात साडेतीन ग्रॅम, शिवणीत एक. शिसं वितळवलं नाही, जाळ्याच्या गोळ्या चेपून भोकात बसवल्या आणि एपॉक्सीनं बंद केल्या. एपॉक्सी दुपारच्या उन्हातून आणून लावला, काका. चारही लूअरवर मिळून एक बुडबुडा आला.

मग रात्रभर बादलीत आणि दिवसभर गच्चीवर उन्हात, असं पाच दिवस. राधानगरीकडच्या आजोबांनी सांगितलेला सगळ्यात वाईट प्रकार जाणूनबुजून केला. रोज वजन घेतलं. मुद्दाम केलेला चौथा पहिल्याच रात्री जवळजवळ अर्धा ग्रॅम वाढला, आणि तिसऱ्या दिवशी पोटाखाली रेघ आली, नेहमीच्या जागी. बाकी तिघांचा काटा हलला नाही. पाचव्या दिवशी मी तिन्ही भिंगाखाली बघितले, कडीच्या बुडाशी, लिपच्या खाचेशी, कुठंही रेघ नाही.

गेल्या रविवारी बंधाऱ्यावर गेलो, संस्थेच्या माणसाला विचारून. पाणी काचेसारखं होतं, उसाचं पाचट काठाला साचलेलं. पांगाऱ्याचा लूअर पाचटाच्या कडेनं ओढत आणला, दोनदा थांबवला, तिसऱ्यांदा हलवला आणि पाणी फुटलं. चांगली दोन किलोची मरळ. तार आरपार होती म्हणून निर्धास्त होतो. फोटो काढून सोडली.

घरी येऊन लूअर बघितला तर पाठीवर चार दातांची भोकं. दोन एपॉक्सीतून आरपार लाकडापर्यंत गेलेली. हे डोक्यातच आलं नव्हतं. आपण एकेक भोक बंद करत बसतो आणि मासा स्वतःची पाडून जातो. शिवाय पोटाचा ट्रेबल दर फेकीला घासून त्याच्या भोवती अर्धवर्तुळाचा ओरखडा उठलाय, तोही एक दिवस आरपार जाणार.

त्याच रात्री वजन घेतलं, पाव ग्रॅमच्या आत वाढ होती. सावलीत तीन दिवस ठेवला, वजन जुन्या आकड्यावर आलं. मग दातांच्या भोकांत सुईच्या टोकानं पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला, वर संथ एपॉक्सीचा टिपका. आता पिशवीत सुपरग्लूची ट्यूब आणि कोरडा टॉवेल कायमचा टाकलाय. मरळ लागली की लूअर पुसायचा, भोक दिसलं तर पाण्यात परत टाकायचा नाही, दुसरा लावायचा.

पुढचे दोन पांगाऱ्याचे जवसाच्या तेलात मुरवून ठेवलेत, तेल घट्ट व्हायला जानेवारी उजाडेल. आतपर्यंत तेल असेल तर दाताच्या भोकातून पाणी कमी शिरेल असं वाटतंय. तो आकडाही इथं टाकतो. शिवणीच्या फळीचा हातभर तुकडा उरलाय, कोल्हापुरात कुणाला पॉपर करायचा असेल तर सांगा, कापून देतो. नवा_गळ, तुझ्यासाठी एक बाजूला ठेवलाय, ती बाभूळ आता सोड.

नवा_गळ · ७ डिसेंबर, रात्री १०:०२

रविवारी सकाळी येतो घ्यायला दादा. गिरमिट मी आणतो, भोकं तुमच्यासमोरच पाडतो.